या कबरींना वारस कोण?

अलिबाग तालुक्यातल्या एका गावात, वस्ती संपून वाड्या सुरू होतात तिथे, कमरेएवढ्या गडग्याच्या आत चाळीसेक थडगी आहेत. मे महिन्यात गेलो होतो. गवत वाळलेलं, म्हणून आत शिरता तरी आलं. एका काळ्या दगडावर काहीतरी कोरलंय एवढंच कळत होतं. ऊन डोक्यावर असल्यामुळे अक्षरांना सावलीच नव्हती. शेजारच्या वाडीतल्या बाईंनी कळशीभर पाणी आणून दिलं आणि भिंतीवरचा आरसाही काढून आणला. दगड ओला केला, आरशाने उन्हाची तिरीप बाजूने पाडली आणि अक्षरं उभी राहिली. वर हिब्रूची दोन अक्षरं, पे आणि नून. 'येथे पुरले आहे' याचा तो संक्षेप. खाली देवनागरीत, स्वच्छ मराठीत, नाव, बापाचं नाव, गावावरून पडलेलं आडनाव, वय. बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "अगो बाय, ही तर आपल्यातलीच निघाली."

जुन्या, ओस पडलेल्या दफनभूमी राखायच्या कशा, या प्रश्नाकडे मी बरीच वर्षं निधी, कायदा आणि चुना-सिमेंट या बाजूंनी पाहत आलो. ते सगळं लागतंच. पण त्या दुपारनंतर माझी खात्री झाली की हा आधी वारसाचा प्रश्न आहे. ज्यांचे आजे-पणजे तिथे पुरले ते निघून गेले, तर त्या जागेला 'आपली' म्हणणारं कोण उरतं?

ही दफनभूमी ज्यांची, त्या बेने इस्रायल या यहुदी समाजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण रायगड जिल्ह्यात हा प्रश्न गावोगाव पडून आहे. चौल-किहीमच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, लाटांनी बाहेर टाकलेली प्रेतं नवगावला पुरली, अशी या समाजाची परंपरेने चालत आलेली कथा आहे. नवगावच्या दफनभूमीत पुरुषांचा आणि बायकांचा असे दोन उंचवटे सांगतात. तिथे आता स्मारकस्तंभ आहे. पुढे ही माणसं कोकणात तेल गाळू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावंही इथलीच: नवगावकर, चेऊलकर, झिराडकर, रोहेकर, पेणकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. त्याला हे लोक मशीदच म्हणत आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, तो छापून निघायला १९३७ साल उजाडलं.

१९४८ साली इस्रायल देश झाला तेव्हा भारतात बेने इस्रायली वीस हजारांच्या आसपास होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. घरं विकली गेली, वाड्यांचे मालक बदलले. अलिबागेत इस्रायल आळी हे नाव राहिलं, सिनेगॉग राहिलं. अनेक गावांत मात्र यहुदी म्हणून एकच गोष्ट उरली, ती म्हणजे दफनभूमी. ती नेता येत नाही आणि विकताही येत नाही. यहुदी धर्मात कबर कायमची असते. ती उकरायची नाही, हलवायची नाही, तिच्यावर दुसरं काही उभारायचं नाही. धर्माने एवढा पक्का हक्क दिलेली ही जागा. पण तो हक्क बजावायला गावात माणूस नाही.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पुण्याजवळ आहे. खडकीच्या युद्ध दफनभूमीत एकदा जाऊन यावं. हिरवळ कातरलेली, दगड एका रेषेत, प्रत्येकावर नाव, पलटण, तारीख. दुसऱ्या महायुद्धातल्या १६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. त्यातले बरेच जण मुळात तिथे पुरलेले नव्हते. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथून त्या आणून खडकीत एकत्र केल्या. पहिल्या महायुद्धातल्यांसाठी तेही केलं नाही. गावोगावच्या छावण्यांत विखुरलेल्या १८०० हून अधिक जणांची फक्त नावं खडकीच्या स्मारकावर कोरली. हे काम करणारा राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोग १९१७ साली सनदेने स्थापन झाला आणि त्याला सदस्य देशांची सरकारं पैसे देतात. म्हणजे कायमचा वारस, कायमचा पैसा. आणि तरीही त्यांना निवड करावी लागली: जागा सोडली, नाव राखलं. ती निवड मला एके काळी निष्ठुर वाटली होती. आज वाटत नाही. सगळं राखता येत नाही तेव्हा आधी काय वाचवायचं हे ठरवावंच लागतं आणि नाव वाचवलं तर निदान माणूस हरवत नाही.

साध्या ब्रिटिश नागरिकांच्या, बायकामुलांच्या, छावणीतल्या शिपायांच्या कबरींना असा आयोग नव्हता. १९४७ नंतर त्या काही ठिकाणी चर्चकडे, काही ठिकाणी कँटोन्मेंटकडे राहिल्या आणि पुष्कळ ठिकाणी कुणाकडेच नाहीत. थिओन विल्किन्सन यांनी १९७६ साली 'टू मान्सून्स' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठी लंडनमध्ये एक संस्था काढली. ही संस्था सगळ्या दफनभूमी आपण दुरुस्त करू असं म्हणत नाही. एक तर नोंदी गोळा करते आणि दुसरं म्हणजे जिथे स्थानिक माणसं उभी राहतात तिथे थोडी मदत देते. मला ही वाट शहाणपणाची वाटते. परक्या पैशाने रंगवलेली दफनभूमी दोन पावसाळ्यांत पुन्हा झाडोऱ्यात जाते. ज्याच्या खिशात फाटकाची किल्ली आहे तो माणूस तिथलाच असायला लागतो.

कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीचं उदाहरण या बाबतीत मोलाचं आहे. १७६७ साली ती सुरू झाली. विल्यम जोन्स तिथे आहेत, कवी डिरोझिओ आहेत. मनोरे, घुमट, स्तंभ यांची ती एक अख्खी नगरीच आहे. शेजारची नॉर्थ पार्क स्ट्रीट दफनभूमी जवळजवळ पुसली गेली, तिच्या जागेवर इमारती आल्या. साउथ वाचली, आणि ती वाचण्यात १९७० च्या दशकाअखेर सुरू झालेल्या जतनकामाचा हात मोठा आहे. पण आणखी एक गोष्ट घडली. सत्यजित राय यांनी फेलूदा या आपल्या गुप्तहेराची 'गोरस्थाने सावधान' ही कादंबरी १९७७ साली लिहिली, ती या दफनभूमीभोवती फिरते. बंगाली पोरं त्या कबरींमधून फेलूदाचा माग काढत मोठी झाली. इंग्रजांची म्हणून जी जागा परकी होती ती बंगालीत शिरली आणि बंगाल्यांची झाली. आपल्याकडे एखाद्या दफनभूमीचं असं भाग्य उजळलेलं नाही.

आणि उजळायला साहित्य कमी नाही. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स पुरले आहेत, ज्यांनी आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बांधलं. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट तिथेच आहेत. होमरूल लीगमध्ये टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले काका बॅप्टिस्टाही तिथेच. मुंबईला तिचा चेहरा देणारी माणसं एका भिंतीच्या आत आहेत आणि रोज लाखो लोक ज्या स्टेशनात उतरतात तो बांधणारा कुठे निजला आहे हे त्यांना ठाऊक नसतं. सुरतेला तर याहून जुना वारसा आहे. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी तिथे मुघली घुमटांच्या कबरी उभारल्या, जणू मेल्यावरही एकमेकांवर कुरघोडी करायची होती. ऑक्सिंडेन बंधूंची दुमजली छत्री आणि 'होर्टस मलाबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ घडवून आणणाऱ्या व्हान ऱ्हीड याची कबर. तो १६९१ साली वारला. या कबरी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, म्हणून आज उभ्या तरी दिसतात.

कायद्याकडे वळायचं तर चित्र असं आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्राचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने त्या स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आलं. राज्याचा कायदा १९६० चा. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. खुलताबादची मलिक अंबरची कबर असो वा नगरजवळच्या डोंगरावरची सलाबतखानाची, बादशहा-सरदारांना या चौकटीत जागा मिळते. (सलाबतखानाच्या कबरीला गाव आजही चांदबिबीचा महाल म्हणतं. इमारत टिकली आणि नाव हरवलं, त्याचा हा नमुना. खडकीच्या बरोबर उलटा.) राज्याची 'महाराष्ट्र वैभव' ही स्मारक दत्तक योजना आहे, पण तीही राज्य संरक्षित स्मारकांपुरती. तेल्याची, सुताराची, छावणीतल्या बाळंतिणीची कबर यातल्या कुठल्याच यादीत बसत नाही. तिचं रक्षण ट्रस्ट, पंचायत आणि शेजारी एवढ्यांवरच येऊन पडतं. सातबाऱ्यावर जागेची नोंद दफनभूमी म्हणून आहे ना आणि ती मोजून हद्द पक्की झाली आहे ना, हे पाहणं हेच अशा ठिकाणी निम्मं जतन आहे. गडगा ढासळला की हद्द सरकते आणि सरकलेली हद्द पुन्हा मागे घेताना माणसं जेरीला येतात.

हा सगळा परधर्मीयांचा, परदेशीयांचा विषय आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी साताऱ्याजवळ माहुलीला जावं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर सातारच्या राजघराण्याची स्मशानभूमी. ताराराणी १७६१ साली गेल्या, शाहू महाराज १७४९ साली. त्यांच्या समाध्यांची ही जागा. घाटावरच्या देवळांना लोक हात जोडतात आणि नदीच्या पात्रातल्या समाध्यांवर पूर गाळ चढवतो, पुढचा पूर तो काढतो. औरंगजेबाशी जिने राज्य लढवलं तिची समाधी शोधायला आपल्याला वाट पुसावी लागते. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीचंही एके काळी हेच झालं होतं. जेम्स डग्लस या इंग्रजाने १८८३ साली पुस्तकात तिच्या दुरवस्थेबद्दल खेद लिहिला, १८९५ साली टिळकांनी 'केसरी'तून निधी उभा केला आणि जीर्णोद्धार पुरा व्हायला १९२६ साल उजाडलं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली एक मोठी चळवळ एका पडक्या समाधीपासून उठली, हे आपण विसरून चालणार नाही.

विदर्भात तर अशा जागा आहेत की तिथे नावाचा प्रश्नच नाही. नागपूरजवळ जुनापाणीला ओबडधोबड शिळांची शेकडो वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांची ती दफनं आहेत, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. काही शिळांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले दिसतात. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने १८६० च्या दशकातच तिथे उत्खनन केलं. जुनापाणी संरक्षित आहे, पण विदर्भभर अशी वर्तुळं शेतात, माळावर पसरलेली आहेत आणि नांगर, खाण, रस्ता यांना ती नुसते दगड वाटतात. गावोगावच्या वीरगळांची तीच गत. कुठे शेंदूर लागून वीराचा देव होतो, कुठे त्याच दगडावर धुणं बडवतात. शेंदूर लागला तो वाचला, असं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की जतनाचा तो एक गावठी नियमच मानायला हरकत नाही.

गोव्यात जागेचाच प्रश्न निराळा. तिथल्या चर्चच्या आवारात कायमची कबर थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांची जागा काही वर्षांनी पुढच्याला दिली जाते. जुन्या चर्चमध्ये जमिनीच्या फरशाच मुळी थडगी आहेत. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्येही कुळचिन्हं कोरलेले असे दगड पायाखाली येतात. जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांत काय दडलेलं असू शकतं ते जगाने पाहिलं. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ साली शिराजमध्ये मारली गेली, तिचे अवशेष पाद्र्यांनी गोव्याला आणले. जुन्या पोर्तुगीज कागदांतल्या वर्णनावरून पुरातत्त्व खात्याने ती जागा शोधली, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनएवरून खात्री दिली आणि २०२१ साली भारताने ते अवशेष जॉर्जियाला भेट दिले. चारशे वर्षांनी वारस सापडला, तोही कुणीतरी कागदावर जागा नीट लिहून ठेवली होती म्हणून.

म्हणूनच माझं मत असं झालंय की पहिलं काम दुरुस्तीचं नाहीच, वाचून लिहून ठेवण्याचं आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या कबरींवरच्या लेखांची यादी क्रॉफ्टन यांनी १९३२ साली नागपुरात छापली. आज एखादा दगड जागेवर नसला तरी त्याचा मजकूर तिथे मिळतो. हे काम कुणालाही करता येतं. दोरी धरून आराखडा काढायचा, रांगेला आणि कबरीला क्रमांक द्यायचा, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्यायचे. मजकूर जसाच्या तसा, ओळीला ओळ, शुद्धलेखन न सुधारता उतरवायचा. संगमरवरात शिसं भरून केलेली अक्षरं पुष्कळदा चोरीला गेलेली असतात, पण शिसं धरून ठेवायला पाडलेली बारीक भोकं राहतात आणि ती जोडत गेलं की अक्षर लागतं. हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात आणि बऱ्याचदा पाच हजारांचा आकडा गाळतात. ६५० निघालं तर त्यात १२४० मिळवायचे, म्हणजे १८९०. एवढं आलं की निम्मे दगड बोलू लागतात.

दुरुस्तीत मात्र उत्साहानेच जास्त नुकसान होतं. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड यांनी एका दुपारी जेवढी अक्षरं जातात तेवढी शंभर पावसाळ्यांत जात नाहीत. पाणी, मऊ ब्रश आणि वेळ, बस्स. पिंपळाचं रोप ओढून काढलं की मुळाबरोबर विटा येतात. ते बुंध्याशी कापून, मूळ जागेवरच मारावं लागतं. आणि सिमेंट. जुनी थडगी विटा आणि चुन्याची असतात, ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि चार वर्षांत गिलाव्यासकट पापुद्रा सुटतो. चुनाच हवा, नीट विझवलेला, मुरवलेला. त्यात सुरखी, गरजेप्रमाणे गूळ, बेलफळ, हिरडा घालणारे गवंडी अजून आहेत, त्यांना काम मिळालं तर राहतील. कोकणात चौथरा जांभ्याचा आणि लेखाची शिळा बेसॉल्टची किंवा संगमरवराची, कारण जांभा अक्षर धरत नाही. जांभा पावसाने खचला की शिळा सुटते आणि सुटलेली शिळा म्हणजे कुणाची तरी पायरी. म्हणून आधी चौथरा सावरायचा.

प्रत्येक समाजाला असं जतन हवंच असतं असंही नाही. मुसलमानांत कबर साधी, मातीची असावी, तिच्यावर बांधकाम नसावं असं मानणारे पुष्कळ आहेत. तिथे कबर मातीत मिसळणं ही दुर्दशा नसते, तीच रीत असते. लिंगायतांच्या, गोसाव्यांच्या समाध्यांचे आपापले संकेत आहेत. तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय एकही दगड उभा करू नये. बेने इस्रायलींच्या बाबतीत विचारायला माणसं दूर असली तरी आहेत. इस्रायलमधून नातवंडं येतात, हातात जुना फोटो, ओठांवर आजीकडून ऐकलेलं मोडकंतोडकं मराठी. गावात उतरून ती पहिला प्रश्न विचारतात तो कबरस्तानाच्या वाटेचा.

माझ्या मनात अशा वेळी माणगावच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे येतात. मराठा पलटणीतला हा बावीस वर्षांचा जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्याची कबर ज्ञात नाही. त्याचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका घराचं नाव तिकडे परक्या मुलखात जपलं जातंय, आणि त्याच जिल्ह्यातली शेकडो मराठी नावं इथे गवताखाली आहेत.

पावसाळ्यानंतर त्या गावी पुन्हा गेलो. बाईंनी आरसा या खेपेला आधीच आणून ठेवला होता. शाळेतली दोन पोरंही बरोबर होती, एकाच्या हातात वही. पश्चिमेच्या गडग्याचे ढासळलेले दगड कुणीतरी पुन्हा रचले होते. पोरांनी पहिली रांग उतरवली होती, दुसरी चालू होती. तिसऱ्या रांगेतल्या एका शिळेवर चिंचेचं मूळ चढलंय, नाव निम्मंच दिसतं. 'जी' एवढं शेवटचं अक्षर लागलंय. पोरगा म्हणाला, अबाजी असेल, नाहीतर हसाजी. वहीत त्याने पेन्सिलीने तेवढंच लिहिलं आणि पुढे जागा सोडली.